माझ्या आधी कोण येऊन गेलं?

या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचायला यायचो, आणि खरं सांगायचं तर हसायला. पांढरी साडी, उलटे पाय, बाभळीवरची बाई… वाचून बायकोला म्हणायचो, या लोकांना रात्री जरा कमी वाढत जा म्हणावं. मी एसटीत कंडक्टर होतो, बरीचशी नोकरी आर्वी डेपोत गेली. माणूस खोटं बोलायला तोंड उघडायच्या आधीच मला कळायचं. त्यामुळे विश्वास हा प्रकार माझ्यात मुळात कमी. देवावर आहे, तोही घरचे ठेवायला लावतात म्हणून.

आमचं गाव पुलगाव. वर्धा नदीच्या काठावर – पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. रेल्वेची मोठी लाइन गावातून जाते आणि इथूनच आर्वीची छोटी लाइन निघायची. ती छोटी गाडी बंद पडून जमाना झाला. इतकी हळू, की लोक उतरून बोरं वेचायचे आणि पळत जाऊन परत चढायचे. आता रुळांवर झुडपं आहेत, आणि त्या गाडीवर ज्यांनी काम केलं ती माणसंही एकेक करून चालली. रिटायर झाल्यावर ठरवलं, आहेत तोवर त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवायचं. वाचनालयानं त्यासाठी एक खोली दिली. ज्या एसटीनं त्या गाडीचे पॅसेंजर पळवले तिचाच कंडक्टर आता इतिहास गोळा करतोय, म्हणून गावात टिंगल झाली. झाली तर झाली.

एक कारण घरचं होतं. माझे आजोबा, म्हणजे मायचे वडील, त्या गाडीवर फायरमन. इंजिनात कोळसा टाकायचे. एक दिवस ड्युटीवर गेले ते घरी आलेच नाहीत. इंजिन आलं, ड्रायव्हर आला, आजोबा आले नाहीत. काय झालं ते आता फक्त मायला माहीत, आणि ती त्यावर जन्मात बोलली नाही. लहानपणी विचारलं की उठून आत जायची. मला ते एकदा तिच्या तोंडून ऐकायचं होतं. पण म्हटलं, ती घरचीच आहे, कुठं पळून जाते? आधी बाहेरचे करू, तिचं शेवटी.

सुरुवात याच लाइनवरच्या रोहण्यापासून केली. तिथं नामदेवराव म्हणून जुने गँगमन आहेत, रुळांची देखरेख करायचे. मी स्कुटी लावली तर ते बाजेवरूनच म्हणाले, "आता काय राह्यलं, कंडक्टर? सारं तर सांगतलं तुमाले."

"काका, मी पहिल्यांदाच येऊन राह्यलो."

"थट्टा नका करू. याच बाजेवर बसून आयकलं तुमी. तेच ते किती खेपा सांगू? दम लागते मले."

वय झालं, म्हणून मी सोडून दिलं. पण पुढच्या आठवड्यात विरूळला गेलो. तिथं गजाबाई आहे, स्टेशनवर भजी विकायची. बाई अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते, डोकं एकदम ठणठणीत. तिनंही मला पाहून कपाळाला हात लावला. "काऊन आले परत? काई विसरलं का?"

आता मात्र माझं डोकं सणकलं. कोणीतरी माझ्या नावानं फिरत होतं. मी विचारलं, "दिसायला कसा होता तो?"

"तो कोण? तुमीच होते ना बाप्पा. घरी आरसा नाई का?"

"फोटो नेला का काही? कुठं सही-बिही, अंगठा?"

"काई नाई मागतलं. बसले, आयकलं, गेले."

हे मला जास्तच खटकलं. चोर निदान काहीतरी नेतो. बिनतिकीट बसणारा फुकटात गावाला तरी पोचतो. याला काय मिळत होतं? आणि तो जिथं जाऊन आला तिथं मला दुसऱ्यांदा कोणी मनापासून सांगेना. नुसते वरवरचे दोन शब्द, जणू आतलं होतं ते एकदा देऊन झालं. मी गजाबाईला माझा नंबर दिला, म्हटलं तो परत आला की बसवून ठेवा आणि मला फोन लावा. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "तुमी आले की तुमालेच फोन लावू?"

माझा संशय आर्वीच्या एका मास्तरवर होता. त्यालाही या लाइनवर पुस्तक काढायचं होतं, आणि आमचं जरा वाकडंच. तडक त्याच्या घरी गेलो. बघतो तर मास्तर पलंगावर, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. दोन महिने झाले म्हणे घराबाहेर पडला नाही. मी काय म्हणून आलो ते सांगता येईना. शेवटी चहा पिऊन, तब्येत विचारून परत आलो. येताना रस्ताभर स्वतःवरच चिडत होतो.

त्यानंतरच्या रविवारी सेलूला बायकोच्या भाच्याचं लग्न होतं. मायचे गुडघे धरलेले, म्हणून ती घरीच राहिली. शेजारच्या बेबीताईला म्हटलं, दुपारी तिला ताट नेऊन द्या. आम्ही सकाळी निघालो ते ऊन उतरल्यावर परत आलो. माय ओट्यावर बसली होती. वेणी घातलेली, चेहरा असा निवांत की मी कधी बघितला नव्हता.

"जेवली का?"

"हव. पोटभर जेवली. लय हलकं वाटून राह्यलं आज."

"काऊन, काय झालं?"

तिनं डोळे बारीक केले. "काय झालं म्हंजे? दुपारभर बसून आयकलं ना तू? बाबाचं सारं सांगतलं तुले. रडला बी तू, येड्या."

तसाच बेबीताईकडं गेलो. ती म्हणाली, "मी ताट घेऊन आली, तं तुमी मायच्या पायाशी बसून होते. त्या रडत होत्या, म्हून मी ताट ठेवून आवाज न करता निंगून गेली. मले वाटलंच, तुमी लग्नाले नाई गेले."

मी त्या वेळेला सेलूच्या मांडवात पंगत वाढत होतो. लग्नाच्या व्हिडिओत दिसतो.

घरी येऊन मी मायला म्हटलं, "माय, मी तर सेलूले होतो."

तिचा चेहरा उतरला. "मंग मी कोणाले सांगतलं रे? सारं सांगून टाकलं… कोणाले सांगतलं मी?"

आख्खी नोकरी मी लोकांकडं संशयानं बघण्यात काढली. तो संशय मायच्या डोळ्यांत मला बघवला नाही. मी म्हटलं, "मीच होतो माय. लग्नातून लवकर आलो होतो. थट्टा केली."

"मेल्या," ती म्हणाली, "जीव घेतला असता माहा." आणि पदरानं डोळे पुसून आत गेली.

थोडे दिवस जाऊ दिले. मग एकदा हळूच म्हटलं, ते आजोबांचं परत सांग ना, रेकॉर्ड करायचं राहून गेलं. ती म्हणाली, "ते एकच डाव सांगाचं होतं. आता तुह्यापाशी हाये ना? बस झालं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी असे भास होतात. असतील. पण बेबीताई काही म्हातारी नाही. आणि माय आता रात्रभर शांत झोपते, पूर्वी दचकून उठायची, हेही मी रोज बघतो. मग त्या दुपारी आमच्या घरात कोण बसलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही. वाचनालयातली खोली सुरू झाली, आजोबांचा फोटो लावला, त्याखाली फक्त नाव आहे.

हे ज्यांना सांगितलं ते विचारतात, भीती नाही वाटली? नाही. मला राग येतो. माय एकदाच बोलली, आणि तिच्या पायाशी बसून रडायची ती जागा माझी होती.