आधी पेन बाईंच्या हाती

आमच्या मारेगावकडे प्रशिक्षणाची एक ठरलेली रीत आहे. यंत्र येतं, हार-नारळ होतो, सोबत आलेला माणूस तासभर फाडफाड बोलतो, चहा होतो आणि शेवटी गुरुजी-बाईंना यंत्रापुढे उभं करून फोटो. फोटो ग्रुपवर पडला की आम्ही शिकलो. या रीतीचा मला मनापासून राग आहे.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत मोठा डिजिटल फळा आला, तेव्हाही तेच. पहिलीच्या बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, पोरं शाळेत रडत येतात आणि बाईंच्या तोंडून आपली कोलामी बोली ऐकून गप्प होतात, हे सगळ्यांना ठाऊक. फळा त्यांच्याच वर्गात लागणार होता. त्यावर लिहायचं पेन मात्र फळ्यासोबत आलेल्या माणसाने एकदाही हातातून सोडलं नाही. बाईंनी एक शंका विचारली, तर आमचे केंद्रप्रमुख साहेब हसत म्हणाले की या वयात तुम्हाला हे झेपायचं नाही, पहिलीचा वर्ग दुसऱ्या कोणाला देऊन टाकू.

बाईंनी मान खाली घातली. माझं डोकंच फिरलं.

फोटोसाठी खुर्च्या सरकू लागल्या तशी मी उठले, त्या माणसाच्या हातचं पेन घेतलं आणि बाईंना दिलं. साहेबांनी शेवटच्या बसची आठवण करून दिली. मी म्हटलं, "बस जाऊ द्या साहेब. बाईंनं लिहिल्याबिगर मी फोटोत उभी राहत नाही." मागचे गुरुजीही पुन्हा खाली बसले.

बाईंनी 'अ' काढला आणि खडूच्या जुन्या सवयीने तळहात फळ्यावर टेकवला. तळहात लागला की हा फळा पुसतो; अक्षर पुसलं गेलं. पुन्हा काढला, पुन्हा पुसला गेला. कोणी हसलं नाही, कारण आम्हा सगळ्यांचा हात तसाच टेकतो. हात उचलून लिहायचं, एवढंच होतं. तासभराच्या भाषणात तेवढं सोडून सगळं सांगून झालं होतं. मी बाईंचं मनगट जरा वर धरलं. मग त्यांनी अख्खी बाराखडी लिहिली, सावकाश, कोणाच्याही घाईला भीक न घालता.

"चला, आता तरी फोटो," साहेब म्हणाले.

बाईंनी पेन आपल्या पर्समध्ये टाकलं.

"सोमवारी माह्या वर्गात या साहेब. फोटो पोरायसंगं काढू."