पाणी तोलणारं मशीन

मोरीत खरकटं साचावं तसे आमच्या लॅबमध्ये किस्से साचतात. आज काढून टाकले तर उद्या तेवढेच तयार. मी नांदेडच्या पाण्याच्या लॅबमध्ये काचेच्या बाटल्या धुते. शिक्षण चौथी. मोठ्या माणसांची भीती वाटत न्हाई, कारण त्यांची धुणीभांडी कशी असतात ते मला माहीत आहे.

मशीनचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. आमच्या मॅडमनी मला समजावलं, "मावशी, सरबतात साखर दिसत नाही, पण असते ना? तसं पाण्यात पाला, शेण, माती असं काय काय विरघळलेलं असतं. हे मशीन त्याच्या कणाकणाचं वजन करतं. वजनावरनं कळतं काय आहे, कुठल्या विहिरीचं आहे."

मी म्हणलं, "म्हणजे आमच्या गल्लीतल्या बायकांसारखंच. कुणाच्या घरी काय शिजलं ते भिंतीआडून सांगतात."

मॅडम हसल्या. आमचे मोठे सर हसले न्हाईत. त्यांचं प्रमोशन व्हायचं होतं.

*

मशीन आलं तेव्हा उद्घाटनाला पुढारी बोलावले. नारळ फुटला, हळदीकुंकू झालं, उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. मॅडम म्हणून राहिल्या, "सर, धूर नको, आत जाईल."

सर हळूच म्हणाले, "साहेब ओवाळून राहिलेत. त्यांना नको कसं म्हणू?"

पुढं कितीतरी दिवस कुठल्याही विहिरीचं पाणी लावा, मशीनला उदबत्तीच दिसायची. सरांनी वर कळवलं, "जिल्ह्यातील पाण्यात सुगंधी द्रव्ये आढळतात." वरून अभिनंदन आलं.

*

मग नियम निघाला. लॅबमध्ये तेल, पावडर, गजरा बंद. तरीबी दर पाण्यात एक चिकट काहीतरी निघायचं. सरांनी आम्हा बायकांना रांगेत उभं करून डोकी हुंगायची तेवढी बाकी ठेवली. मी आठवडाभर बिनतेलाची, भुतिणीसारखी फिरले.

शेवटी मॅडमनी सरांचीच बोटं मशीनला दाखवली. हाताला लावायची क्रीम निघाली. मुलीनं वाढदिवसाला दिलेली.

सर म्हणाले, "ही औषधी आहे."

*

दुष्काळ पडला तशी गावोगावची पाणी यायला लागली. पाणी काचेच्याच बाटलीत पाहिजे, प्लास्टिक चालत न्हाई. म्हणून मी धुतलेल्या, भट्टीत तापवलेल्या बाटल्या आम्ही गावोगाव धाडल्या.

एका गावचे ग्रामसेवक देशी दारूच्या क्वार्टरमध्ये पाणी घेऊन आले. म्हणले, "काचेचीच हाय की."

मॅडमनी तपासून सांगितलं, "ह्यात पाणी कमी आहे."

मी विचारलं, "अन् आमची बाटली कुठंय?"

"ती लई चांगली होती, बाई. मंडळीनं लिंबाचं लोणचं घातलं."

*

आता घरचं सांगते. माझं माहेर मुखेडकडची एक वाडी. विहीर गावाबाहेर, ओढ्याच्या पल्याड. दुष्काळात तिचं पाणी काढ्यासारखं लाल झालं. पोरं जुलाबानं आडवी पडली. माझी भावजय कलावती, तिचा नातू सलाईनवर गेला. मग टँकर चालू झाला, धरणाचं पाणी म्हणून. विहिरीकडं कुणी फिरकंना.

महिन्याभरात टँकरवाले साहेब म्हणले, "विहीर खराब असल्याचा लॅबचा कागद आणा, न्हाईतर टँकर बंद."

त्या कागदासाठी कलावती नांदेडच्या कचेरीत आली. तेव्हा नांदेड तोडून नवा जिल्हा करायची हवा होती. कारकून म्हणला, "तुमचं गाव तिकडं जाणार. सही तिकडची आणा."

ती तिकडं गेली. तिथं लिंबाच्या झाडाला नव्या जिल्ह्याचा बोर्ड होता अन् खाली एक म्हातारा शेळ्या राखून राहिला होता. म्हणला, "साहेब अजून मंजूर व्हायचाय. सावलीला बसा."

मी सरांपुढं उभी राहिले. म्हणलं, "सर, जुलाब जिल्हा बघून लागत न्हाईत." सरांनी सहीशिवायच तिच्याकडनं विहिरीच्या पाण्याची बाटली मागवली.

*

रिपोर्ट आला, पाणी पिण्यास योग्य. दुसऱ्या दिवशी टँकर बंद.

मी कलावतीला फोन लावला. "अगं, विहिरीचं पाणी चांगलं कसं निघालं?"

"निघणारच की. मी टँकरचं भरून धाडलं. वरून फडक्यानं गाळलं."

"का पण?"

"शिकलेल्या माणसाच्या हातात तसलं लाल पाणी द्यायचं व्हय, वन्सं? गावाची काही इज्जत हाय का न्हाई?"

मी तिला पुढं जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं न्हाई. मशीनलासुद्धा तोललं नसतं.

*

मग मीच गावी गेले, ओढा ओलांडला, माझ्या हातानं विहिरीचं पाणी भरलं अन् कलावतीला घेऊन लॅबमध्ये आले. पहिल्या पाण्याचं आम्ही दोघी काही बोललो न्हाई. मॅडमनी लॅबमध्ये उरलेलं पहिलं अन् हे दुसरं, दोन्ही पाणी शेजारी शेजारी लावली.

सर खूश होऊन बाहेर आले. "हे दुसरं पिण्यालायक नाही. कागद देतो, टँकर परत चालू होईल. आणि बघा मशीनची कमाल, दोन्ही पाणी एकाच विहिरीचं. पहिल्यात फक्त तुरटी अन् ब्लीचिंग पावडर मारलेली आहे."

कलावतीनं माझ्याकडं बघितलं. मग तिला राहवलं न्हाई.

"चुकलं तुमचं मशीन, साहेब. पहिलं टँकरचं होतं. मीच भरलं, माझ्या दारात."

सर म्हणले, "टँकरचं तर धरणाचं असतं."

मॅडम पुन्हा आत गेल्या. दोन्ही पाणी परत लावली. बाहेर आल्या अन् कलावतीच्या शेजारी बाकावर बसल्या.

"काकू, मशीनला टँकर कळत नाही. त्याला विहीर कळते."

सरांनी चष्मा काढून पुसला. कलावती हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत बसली होती.

"तरीच," ती म्हणली. "टँकरच्या ड्रायव्हरला मी रोज कपभर च्या पुढं करायचे, वन्सं. तर हात जोडून म्हणायचा, 'न्हाई वैनी, तुमच्या गावचा च्या मला सोसत न्हाई.'"