नातीची सकाळ मी भिंतीवर काढली

मी तिसरीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या गोष्टीत डोकं कोणाचं होतं यावर वाद नको.

भडगावकडची केळीची बाग धाकट्या भावावर सोपवून मी शहरात, मेहरूणला मुलाकडे राहायला आलो. मुलगा शिरपूरला नोकरीला, घरी फक्त रविवारी. सून दवाखान्यात सकाळपाळीला, सहालाच निघते. मागे उरलो मी आणि पहिलीतली नात. शाळेची व्हॅन सव्वासातला फाटकाशी येते, दोनदा हॉर्न देते आणि चालू पडते. एका महिन्यात चार वेळा ती आमच्याशिवाय गेली.

सुनेनं फ्रिजवर छापील कागद चिकटवला. दात, अंघोळ, गणवेश, सगळं ओळीनं. नात एकेक अक्षर लावत वाचायची, मी चष्मा शोधायचो. पाचव्यांदा व्हॅन गेली त्या दिवशी दुपारी कामावरून परतलेली सून दारातूनच बोलली, "आबा, आता एकदा जरी चुकली तरी मी राजीनामा देते. हे तुमच्याकडून होणारं काम नाही."

ते मला लागलं. चाळीस वर्षं माझ्या हाताखाली मजूर होते, कोणाला कधी कागद दिला नाही. कापायच्या घडांवर आदल्या दिवशी चुन्याची खूण करायचो. सकाळी गडी बागेत शिरले की मला तोंड उघडावं लागायचं नाही.

शनिवारी गेरू कालवला आणि दारामागच्या भिंतीवर माझ्याएवढा केळीचा घड काढला. घडातल्या एकेका फणीत, म्हणजे केळ्यांच्या झुपक्यात, एक काम. सगळ्यात वर दातांचा ब्रश, खाली बादली, मग कपडे, कंगवा, ताटली, दप्तर, तळाला बूट. रविवारी तालीम घेतली. नात मोज्या-बुटांसकट न्हाणीत शिरली.

"अगं, बूट घालून कुठं?"

"पहिलं चित्र बुटाचंच आहे ना, आबा."

"ते शेवटलं! घड वरून मोजतात."

"हा घड आहे? मला वाटलं जिना. जिना खालूनच चढतात."

मुलगा पोट धरून हसला. सून एवढंच म्हणाली, "भिंत भाड्याची आहे, आबा."

मी काही चूक कबूल केली नाही. पण दुपारी सगळे झोपले तेव्हा तिथंच उकिडवा बसलो, तिच्या उंचीला डोळे नेले. समोर बूट आणि दप्तर, बाकी सगळं डोक्यावर. ओल्या फडक्यानं सगळा घड पुसला. मग केळीच्या ओळीसारखी आडवी ओळ धरली, पार खाटेपासून दारापर्यंत, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. जिथं काम तिथंच चित्र. काम झालं की तिनं त्याखाली खडूचा ठिपका द्यायचा आणि पुढं सरकायचं.

सोमवारी मी दाराबाहेरच्या ओट्यावर, आतलं दिसेल अशी खुर्ची टाकून बसलो. बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते फार जड गेलं. आरशापुढं कंगवा घेऊन ती तोंडं वेडीवाकडी करत बसली, तेव्हा हाक पार जिभेवर आली होती. गिळली. तिनंच भिंतीकडं पाहिलं, ठिपका दिला, ताटलीकडं गेली. शेवटी दप्तर घेऊन बाहेर आली तेव्हा सगळं आटोपलं का म्हणून मी विचारलं, "बठ्ठं झायं का?"

"झायं!" शहरात वाढलेली पोर आमच्या बोलीत ओरडली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. व्हॅन आली ती त्यानंतर. हॉर्न वाजवायची गरजच पडली नाही.

साडेसातला सुनेचा फोन. "आबा, गेली?"

"केव्हाच."

"डबा?"

"नेला."

"केस?"

"भांग वाकडा आहे. पण तिचा तिनं पाडलाय."

पलीकडे ती हसली. मग म्हणाली, "इथं पुढच्या महिन्याच्या पाळ्या लावू राहिले. माझं नाव सकाळलाच देऊ ना?"

"दे," मी म्हटलं. "आणि विचारतील तर सांग, घरी माणूस आहे."