बिजागरी कोणी मोडली

गेमिंग लॅपटॉप मी स्वतःसाठी घेतला आणि दुकानात तो भाच्यासाठी आहे असं सांगितलं. पुढे जे झालं त्यात या एका खोट्याचा हात होता, म्हणून ते आधीच सांगून टाकते.

मी धुळ्याच्या देवपूर भागातल्या एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. वय एकोणपन्नास, लग्न केलेलं नाही, घरात एकटी. लोक संध्याकाळी मालिका बघतात, मी गेम खेळते. सात-आठ वर्षं झाली. माझ्या आवडत्या खेळात बर्फाचा मोठा प्रदेश आहे आणि त्यातून घोड्यावरून फिरायचं असतं. मे महिन्यात धुळ्यात बाहेर पत्रा तापून ठणठणत असताना त्या बर्फातून तास-दीड तास घोडा हाकण्यात काय सुख आहे, ते ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. जुना कॉम्प्युटर टेबलावरचा होता आणि नवे खेळ त्याला पेलवेनात. शिवाय दर शनिवारी मी वरणगावला वडिलांकडे, नानांकडे, जाते. तिथेही खेळता यावं म्हणून लॅपटॉप घ्यायचं ठरवलं.

नाना वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले. छत्तीस वर्षं तपासणी विभागात. आलेला भाग मापात आहे की नाही, एवढंच त्यांनी आयुष्यभर पाहिलं. अजूनही कुणाकडे गेले तर दाराची कडी एकदा लावून-काढून बघतात. मी बसने जळगावला पोहोचले, ते भुसावळमार्गे आले, आणि आम्ही दोघं एका मोठ्या दुकानात गेलो.

विक्रेता तिशीचा, बोलायला गोड. पहिलाच प्रश्न, "मुलासाठी ना, ताई? कितवीला आहे?"

मला 'माझ्यासाठी' म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "भाच्यासाठी. इंजिनियरिंगला आहे." त्याने ते लगेच कॉम्प्युटरवर टाइप केलं. नानांनी वळून माझ्याकडे बघितलं.

निवड दोन लॅपटॉपमध्ये होती. किंमत जवळपास सारखी, आतला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डही सारखं. एकाची बॅटरी ऐंशी वॉट-अवरची, पण अंग सगळं प्लास्टिकचं. दुसऱ्याचं झाकण आणि वरचा भाग धातूचा, बिजागऱ्या जाड, पण बॅटरी जेमतेम पन्नासची. मी विचारलं, खेळताना बॅटरी किती चालते? तो म्हणाला, आठ तास. मी म्हटलं, आठ तास व्हिडिओ बघताना, पडदा मंद करून, खेळताना किती? त्यावर तो नानांकडे वळला आणि म्हणाला, काका, बॅटरी म्हणजे कसं असतं, मोठी टाकी असली की पाणी जास्त वेळ पुरतं. पंचवीस वर्षं मी मुलांना वॉट आणि वॉट-अवर यातला फरक शिकवते आहे. प्रश्न मी विचारत होते, आणि हा मनुष्य माझ्या वडिलांना टाकी समजावत होता.

नाना म्हणाले, "मला नका सांगू. विचारते आहे ती."

पण तोवर त्यांचं लक्ष प्लास्टिकच्या लॅपटॉपवर गेलं होतं. त्यांनी झाकण एका बोटाने उघडून पाहिलं. झाकणाबरोबर खालचा भागही वर उचलला गेला. त्यांनी कीबोर्डच्या मध्यावर अंगठा दाबला, तो दबला. मग एका कोपऱ्याला धरून सबंध लॅपटॉप उचलला आणि कानाजवळ नेला, करकरतो का ऐकायला. विक्रेत्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. काका, असं धरू नका, महागाची वस्तू आहे, असं म्हणून त्याने त्यांच्या बोटांचे ठसे फडक्याने पुसले. छत्तीस वर्षं महागाच्या वस्तू हाताळलेली ती बोटं. मला तेव्हाच उठून जायला हवं होतं.

आम्ही बाहेर चहाच्या गाडीवर उभे राहिलो. नानांचं मत स्पष्ट होतं: धातूचा घे. बॅटरी कधीतरी बदलता येईल, सांगाडा बदलता येत नाही. प्लास्टिकच्या लॅपटॉपची बिजागरी फार घट्ट आहे आणि जिथे ती स्क्रूने बसली आहे ती जागा मऊ आहे. रोज उघड-बंद केलं तर ताण तिथेच येणार. माझं म्हणणं वेगळं. देवपूरला उन्हाळ्यात दुपारची वीज जाते. वरणगावला नानांच्या खोलीत एकच धड प्लग आहे आणि तो पंख्याचा. मी मनात भागाकार केला होता: बॅटरीवर खेळताना साठ-सत्तर वॉट गेले तर ऐंशीची बॅटरी तास-सव्वा तास देईल, पन्नासची जेमतेम पाऊण तास. वर्गाचे गुण भरणं, प्रश्नपत्रिका करणं अशी हलकी कामं पाच-सहा तास होतील. मला ते हवं होतं.

"वापरणार तू आहेस," नाना म्हणाले. "मी बघितलं ते सांगितलं." मग चहाचा ग्लास ठेवत विचारलं, "पण माय, तुला ना भाऊ ना बहीण. भाचा कुठून आणलास?"

मी हसले. ते हसले नाहीत.

प्लास्टिकचा घेतला. बॅटरीचा माझा हिशोब बरोबर निघाला: खेळताना एक तास दहा मिनिटं, इतर कामाला साडेपाच तास. आठ तास कधीच नाही, पण ते मला ठाऊकच होतं. शनिवारी वरणगावला अंगणात खाट टाकून मी खेळायची आणि नाना बाजूला बसून बघायचे. घोड्याला दाणा-पाणी द्यावं लागतं का, असं त्यांनी एकदा विचारलं. लागत नाही म्हटल्यावर त्यांना तो खेळ थोडा कमी प्रतीचा वाटला.

घेतल्यापासून अकराव्या महिन्यात एके सकाळी झाकण उघडताना उजवीकडे कट्‌ असा आवाज झाला. पडद्याची खालची पट्टी उकलली आणि बिजागरी आपल्या जागेवरून वर आली. मी काही पाडलं नव्हतं, आपटलं नव्हतं. रोज दोन्ही हातांनी उघडत होते. वॉरंटी अजून महिनाभर होती, म्हणून मी निश्चिंत होते. सुट्टी टाकून, बसमध्ये मांडीवर लॅपटॉप धरून, जळगावच्या सर्व्हिस सेंटरला गेले.

काउंटरवरच्या माणसाने लॅपटॉप पाहिला, पडद्यावर माझं बिल काढलं आणि म्हणाला, हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं, मी तो फक्त उघडला. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला माहीत नसेल. बिलावर वापरणारा म्हणून भाचा लिहिलाय, विद्यार्थी. होस्टेलची मुलं कशी वापरतात, आम्ही रोज बघतो. त्याने झटका दिला असेल आणि तुम्हाला सांगितलं नसेल.

माझं खोटं माझ्यासमोर उभं होतं, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नीट टाइप केलेलं. मागे चार-पाच माणसं रांगेत होती.

"भाचा नाहीच," मी म्हणाले. "मला भाचाच नाही. हा लॅपटॉप माझा आहे, यावर गेम मी खेळते, आणि तो रोज मीच उघडते."

मागे कुणीतरी हसलं. काउंटरवरचा माणूस हसला नाही, पण त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिच्यापेक्षा हसला असता तर बरं झालं असतं. त्याने फॉर्मवर लिहिलं: ग्राहकाच्या चुकीच्या हाताळणीमुळे नुकसान. दुरुस्तीचा खर्च सांगितला, तो द्यायला मी नकार दिला, कंपनीकडे दाद मागेपर्यंत लॅपटॉप तिथेच ठेवून फक्त पावती घेतली आणि बाहेर आले. बसस्टँडपर्यंत चालत गेले. रिक्षात बसून कुणाशी भाड्याचं बोलण्याची माझी तयारी नव्हती.

वाटेत, ज्या दुकानातून घेतला तिथे गेले. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज उतरवून म्हणाले की या मॉडेलचे आणखी दोन लॅपटॉप असेच आले, तीच उजवी बाजू. मी म्हटलं, एवढंच मला कागदावर लिहून द्या. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. लिहून दिलं नाही. त्यांना उद्या त्याच कंपनीचा माल विकायचा आहे, हे त्यांनीच समजावून सांगितलं, अगदी आपुलकीने. तो चहा मी घेतला नाही.

मग कंपनीला ई-मेल. दर तीन दिवसांनी एक. उत्तरं सगळी एकसारखी, तुमची गैरसोय आम्ही समजतो. तीन आठवड्यांनी फोन आला: कंपनी खास बाब म्हणून मोफत दुरुस्ती करून देणार आहे, फक्त एका कागदावर सही करायला या. पुन्हा सुट्टी, पुन्हा बस. या वेळी नानांनाही बोलावलं होतं.

कागद इंग्रजीत होता. मी उभ्या-उभ्या वाचला. नुकसान माझ्या हाताळणीने झालं हे मला मान्य आहे, आणि कंपनी निव्वळ सद्‌भावनेने दुरुस्ती करत आहे, असं त्यात होतं. मी नानांना मराठीत सांगितलं.

"हे वाक्य काढा," मी काउंटरवर म्हणाले. "बाकीच्यावर सही करते."

तो म्हणाला, फॉर्म वरून येतो, बदलता येत नाही. आणि मॅडम, फुकट होतंय, एका वाक्याने काय फरक पडतो?

"फरक पडत नसेल तर तुम्ही ते खोडा."

त्याने खोडलं नाही. नाना एवढंच म्हणाले, "जे झालं नाही त्याच्यावर सही करायची नाही." सही न करता आम्ही तुटका लॅपटॉप परत मागितला. तो आला तेव्हा नानांनी तो उलटा केला आणि बोटाने मोजलं. खालच्या बाजूचे दोन स्क्रू नव्हते. यांनी तो उघडून पाहिला होता आणि धड बंदही केला नव्हता. त्या माणसाने खणात हात घालून कुठलेतरी दोन स्क्रू काढले आणि काउंटरवर ठेवले. एकही त्या भोकात बसेना.

पुढच्या रविवारी नाना धुळ्याला आले. एमआयडीसीत साचे बनवणारा एक कारागीर माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा काका लागतो, त्याच्या वर्कशॉपमध्ये आम्ही लॅपटॉप नेला. त्याने तो उघडला, भिंगाने पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हाई ते बठ्ठं प्लास्टिक शे." सगळं प्लास्टिकच. बिजागरीचे स्क्रू पितळेच्या चार बारीक नळ्यांत बसलेले होते आणि त्या नळ्या नुसत्या प्लास्टिकात दाबलेल्या. चारही उपटून आल्या होत्या, प्रत्येकीला प्लास्टिकचा चुरा चिकटलेला. नानांनी मोबाइलवर त्या नळ्यांचे फोटो काढायला लावले, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग दोघांनी मिळून ॲल्युमिनियमची पट्टी कापली, तिच्यात स्क्रूसाठी आटे पाडले आणि बिजागरी तिच्यावर घेतली. बिजागरीही थोडी सैल केली. दुपार त्यात गेली. कारागिराने मजुरी सांगितली तेव्हा नाना म्हणाले, याहून जास्त घ्या, पण त्याने जास्त घेतली नाही.

फोटो आणि नानांनी तीन पानांवर लिहिलेला तपासणी अहवाल जोडून मी ग्राहक आयोगात तक्रार केली. अर्ज मीच लिहिला, वकील लावला नाही. कंपनीचं उत्तर आलं त्यात म्हटलं होतं की तक्रारदाराने लॅपटॉप वारंवार उघडला आणि बंद केला. हे वाक्य मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. लॅपटॉप उघडला, हा माझा गुन्हा. उघडायचा नाही तर मग पेटीत ठेवून पूजा करायची का?

सुनावणीच्या तिसऱ्या तारखेच्या आधी त्यांच्या वकिलाचा फोन आला. कंपनी नवं झाकण द्यायला तयार आहे, मिटवून टाका. मी म्हटलं, झाकण नको, नानांनी बसवलेलं त्याहून चांगलं आहे. फॉर्मवरचा चुकीच्या हाताळणीचा तो शेरा मागे घ्या आणि तसं लिहून द्या. महिन्याभराने एका ओळीचं पत्र आलं: सदर शेरा रद्द समजावा. दिलगिरीचा एक शब्द नाही. मी तक्रार मागे घेतली, आणि ती घ्यायला नको होती असं मला आजही वाटतं. ते दोन दुसरे ग्राहक कोण होते मला माहीत नाही. त्यांनी बहुतेक सही केली असेल आणि आपल्याच हातून मोडलं असं ते आता धरून चालले असतील.

पत्र घेऊन मी वरणगावला गेले. नानांना म्हणाले, तुमचंच बरोबर होतं, धातूचा घ्यायला हवा होता. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांनी चष्मा लावून ती एक ओळ दोनदा वाचली.

"तू काय चूक केलीस?" ते म्हणाले. "बॅटरी पाहिजे होती, बॅटरी घेतलीस. एवढी मोठी वस्तू घेताना माणसाने बॅटरी आणि मजबुती यातलं एकच का निवडावं? ज्याने ते ड्रॉइंग काढलं ना, माय, त्याला माहीत होतं. चार नळ्या त्या प्लास्टिकात किती दिवस टिकतील हे त्याला नक्की माहीत होतं. आमच्याकडे असा भाग आला असता तर मी परत पाठवला असता."

त्यांचा आवाज चढला होता. माझ्या आठवणीत त्यांचा आवाज असा कधी झाला नव्हता. मी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि आत जाऊन आमच्या दोघांसाठी भाकरी टाकायला घेतल्या.