खाणावळवालीचा आवाज

विनोदी नाटकाची तालीम महिनाभर चालली की नाटकातलं कुणीच हसत नाही. त्या हिवाळ्यात आमचं तसंच झालं होतं. विद्यापीठाच्या नाट्यविभागात आम्ही एक संगीतिका बसवत होतो. संगीतिका म्हणजे सगळं गाऊनच. नुसतं बोललेलं एक वाक्य नाही. गोष्ट साधी होती. एक खाणावळवाली, तिच्याकडे जेवायला येणारे तीन एकटे नोकरदार, आणि तिघांनाही तिच्याशी लग्न करायचंय, कारण तिच्या हातची आमटी. मीठ मागायचं तेही तीन आवाजांत, आणि बाईनं ‘नको’ म्हणायचं तेही तानेसकट. पहिल्यांदा वाचन झालं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आता विभागप्रमुख टाळी वाजवून सांगायचे, ‘इथे लोक हसतील, थांबा.’ मग मुलं आपापल्या जागी उभी राहायची, कुणी नखं खात, कुणी पंख्याकडे बघत, आणि न आलेलं हसू संपायची वाट बघायची.

मी तिथे संगीत शिकवायला जायचे. सकाळी पंचवटीतल्या शाळेत संगीत शिक्षिका, प्रार्थनेपासून समूहगीतापर्यंत पेटी ओढायची. दुपारी डबा बसमध्येच उघडून विभागात. नवरा सातपूरला कारखान्यात शिफ्टला. तो घरी असायचा तेव्हा मी नसायचे, मी असायचे तेव्हा तो झोपलेला. आमचं बोलणं बहुतेक फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून चालायचं. एके काळी मी मैफिलीत गायचे. बंद केलं असं काही नाही. कुणी मनाई केली नाही, काही बिघडलं नाही. हळूहळू राहून गेलं, एवढंच. संगीतिकेच्या चाली मात्र मीच बांधल्या होत्या, आणि सुरुवातीला त्यात मला मजाही वाटली होती. पुढे पुढे वाटायचं, हे एकदाचं होऊन जाऊ दे.

खाणावळवालीचं काम करणारी मुलगी सटाण्याकडची. वडिलांची थोडी शेती, डाळिंब आणि भाजी. शाळेपासून ती त्यांच्याबरोबर आठवडे बाजारात बसायची आणि हाका मारून गिऱ्हाईक बोलवायची. त्या हाकांनीच तिचा आवाज तयार झाला होता, मोठा, रुंद, कडेला थोडा खरखरीत. पहिल्या दिवशी तिनं तोंड उघडलं तेव्हा मी पेटीचा भाता ओढायची थांबले होते. विभागप्रमुख म्हणाले, ‘आवाज उत्तम आहे, पण तिचं ते अहिराणी वळण काढा मॅडम. प्रेक्षक शहरातले आहेत.’ म्हणून मी दोन महिने तिचा ‘नको’ गुळगुळीत करत बसले. ती ऐकून घ्यायची, तसं म्हणायची, आणि तालीम संपून बाहेर पडली की मैत्रिणींशी पुन्हा तिच्या पद्धतीनं बोलायला लागायची.

एका दुपारी दुसऱ्या अंकातलं गाणं चाललं होतं. ‘वरणाला मीठ कमी म्हणालं कोण’ ही ओळ वर चढते. ती चढली आणि वरच्या स्वरावर नुसती हवा आली. आम्हाला वाटलं खोकला आला असेल. ती पाणी प्यायली, तिनं पुन्हा सुरू केलं, पुन्हा हवा. तिसऱ्यांदा मीच तिला थांबवलं. मला आठवतं, तिनं गळ्यावर हात ठेवला होता, दुखतंय म्हणून नाही, तर आपलं काही हरवलंय का हे चाचपून बघावं तसा.

मी तिला घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. स्वरयंत्रावर सूज होती, छोट्या गाठी तयार होत होत्या. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, ‘गाणं बंद. बोलणंही बंद. कुजबुजणंसुद्धा नाही, त्यानं जास्त त्रास होतो. दीड-दोन महिने.’ मुलीनं फोन काढला, त्यावर काहीतरी टाइप केलं आणि त्यांच्यापुढे धरलं. मी वाकून वाचलं. ‘प्रयोग दोन आठवड्यांवर आहे.’

डॉक्टरीणबाईंनी फोन तिला परत दिला. ‘मग तो तुझ्याशिवाय होईल,’ त्या म्हणाल्या.

पण तिच्याशिवाय तो होणार नव्हता, हे विभागात सगळ्यांना कळत होतं. सभागृहाची तारीख बदलून मिळत नव्हती. दुसऱ्या दोघी मुलींना उभं करून पाहिलं. एकीला निम्मी गाणी येत होती, पण ती हातात पळी धरायची ती मेणबत्ती धरल्यासारखी. दुसरीला कंबरेवर हात ठेवून पुरुषाकडे बघता येत नव्हतं. ही मात्र मुक्यानं नुसती रंगमंचावरून चालत गेली तरी तिन्ही नोकरदार आपोआप अंग चोरायचे. शेवटी विभागप्रमुख माझ्याकडे वळले. ‘ती काम करेल. तुम्ही विंगेतून गा.’

‘मी नाही,’ मी म्हणाले.

‘सगळी गाणी आणखी कुणाला पाठ आहेत?’

मी हो म्हणाले ते काही त्यागानं वगैरे नाही. आणखी तासभर वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती, आणि शेवटची बस चुकवायची नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी समोरासमोर खुर्च्या टाकून बसायला लागलो. मी गायचे, ती ओठ हलवायची. आधी काहीच जमेना. माझा स्वर सुरू व्हायचा आणि तिचं तोंड मागून उघडायचं, आवाज मागेपुढे झालेल्या सिनेमासारखं. मग तिनं माझ्या ओठांकडे बघणं सोडलं आणि माझ्या खांद्यांकडे बघायला लागली. मी श्वास घेतला की तीही घ्यायची. त्यानंतर ते बसत गेलं. पण एका ठिकाणी ती सारखी मान हलवायची. मी विचारलं, ‘काय चुकतंय?’

तिनं टाइप केलं, ‘मॅडम, तुमचा नको फार सभ्य आहे.’

‘म्हणजे?’

‘या बाईला कोणी आवडत नाही असं नाही. तिला दमायला झालंय. पहाटेपासून चुलीपुढे आहे ती. तुम्ही दमल्यावर घरी नको कसं म्हणता?’

मी तसं म्हणून पाहिलं, स्वर तोच, पण खाली टाकलेला, पिशवी खाली ठेवावी तसा. ती तोंड दाबून हसायला लागली, कारण तिला आवाज करून हसायलाही मनाई होती. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणीतरी हसलं होतं. तिची खरखर, तिचं वळण, मी जे घासून काढत आणलं होतं ते सगळं ती आता मला एकेक शब्द टाइप करून शिकवत होती. त्यात तिनं टोमणा मारला नाही, मीही माफी वगैरे मागितली नाही. आमच्याकडे तेवढा वेळच नव्हता.

प्रयोग संध्याकाळचा होता. थंडी होती, आणि लोक शाली, कानटोप्या घालून आले होते. सभागृह निम्म्याहून थोडं जास्त भरलं असेल. मी उजव्या विंगेत लोखंडी खुर्चीवर माइक घेऊन बसले होते. शेजारी पेटीवर विभागातलाच एक जुना विद्यार्थी. दिवसभर शाळा करून आले होते, पाय सुजले होते, चपला काढून ठेवल्या होत्या. मनात एकच विचार, घसा शेवटपर्यंत टिकू दे.

पहिल्या मिठाच्या गाण्याला लोक हसले. खदाखदा हसले. आमची मुलं दचकलीच. इतके दिवस खोट्या हसण्यासाठी थांबायची सवय झाली होती, आणि खरं हसू आलं तेव्हा एक नोकरदार पुढची ओळच विसरला. त्यानंतर सगळं सैल झालं. पुढे दुसऱ्या अंकात ती ओळ आली, वरणाला मीठ कमी म्हणालं कोण. मी श्वास घेतला, पण तिनं घेतला नाही. तालमीत कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. पळी घेऊन ती सगळ्यांत लाजऱ्या नोकरदारासमोर गेली आणि नुसती उभी राहिली. तो मागे सरकला. तीही सरकली. मी माइक तोंडाशी धरून, छातीत श्वास भरून, विंगेतून तिच्या पाठीकडे बघत होते. लोक आधी खुसुखुसू, मग मोठ्यानं हसायला लागले. पेटीवाला माझ्याकडे बघत होता, सुरू करू का म्हणून. मी मानेनं नाही म्हणाले. तिचे खांदे वर जाताना दिसले तेव्हा मी गायले. तो स्वर किती चांगला लागला हे मला माहीत नाही. पण तो लागताना मला थकवा जाणवला नाही, हे खरं. संपल्यावर मात्र दुपटीनं जाणवला.

पडदा पडल्यावर बाहेर फोटो काढणं सुरू झालं. विभागप्रमुखांना दोघा-तिघांनी मिठ्या मारल्या. मुलीभोवती गर्दी होती, आणि सगळे तिला सांगत होते, ‘काय गातेस गं!’ ती माझ्याकडे बोट दाखवायची, पण कुणी तिकडे बघत नव्हतं. मी चपला घालून जिन्याजवळ उभी होते. तिथे एक टोपी घातलेले गृहस्थ आले, हातात कापडी पिशवी, अंगात लोकरीचा जुना स्वेटर. तिचे वडील. सटाण्याहून एसटीनं आले होते. मी ओळख सांगितली तर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘मॅडम, तो आवाज आमच्या पोरीचा नव्हता.’

मी मान डोलावली.

‘ती बारकी होती तवापासून ऐकतोय मी. काम तिचं, आवाज दुसऱ्याचा. मग तिचा कुठंय?’

तिनं घरी काही सांगितलंच नव्हतं. फोन आला की उचलायचा नाही, मग मेसेज टाकायचा, तालीम चालू आहे, बोलता येत नाही. ते खरंही होतं, एका परीनं. मी त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टर, सूज, गाठी, दोन महिने. ते जिन्याच्या पायरीवर बसले. तेवढ्यात ती गर्दीतून बाहेर आली, चेहऱ्यावर रंग तसाच. वडिलांना पाहून थबकली. ते उठले नाहीत. त्यांच्या बोलीत विचारलं, ‘दुखस का?’

तिनं मान हलवली, नाही.

‘मंग बोलू नको,’ ते म्हणाले. ‘काईच बोलू नको.’ आणि सरकून तिला पायरीवर शेजारी जागा केली. ती बसली. पिशवीतून त्यांनी डाळिंब काढलं, हातानंच फोडलं आणि दाणे तिच्या तळहातावर ठेवत गेले. थोड्या वेळानं मला विचारलं, ‘येईल का परत?’

‘डॉक्टर म्हणतात येईल.’

‘तुम्हाला काय वाटतं?’

मला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते ठाऊक नव्हतं. ‘येईल,’ मी म्हणाले, ‘पण जरा वेगळा येईल.’

त्यांनी हातातली साल पिशवीत टाकली. ‘चालंन,’ ते म्हणाले. मग डाळिंबाची एक फोड माझ्यापुढेही धरली.

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन गावी गेले. आठवड्याभरानं विभागप्रमुखांचा फोन आला, प्रयोग स्पर्धेला पाठवायचाय, तुम्ही पुन्हा गाल का. मी नाही म्हणाले, आणि या वेळी ते पटकन जमलं. त्यांना राग आला असावा. बरेच दिवस त्यांनी मला नुसतं ‘हं’ असं उत्तर दिलं. स्पर्धेला दुसरं नाटक गेलं.

ती उन्हाळ्यात परत आली. बोलत होती. आवाज खाली उतरला होता, जड झाला होता, आणि वरचे स्वर गेलेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कदाचित येतील, कदाचित नाही. तिनं मला विचारलं, ‘शिकवाल का पुन्हा?’ मी तेव्हा विभागातलं काम सोडायच्या विचारात होते, घरी नवऱ्याला सांगूनही झालं होतं. तरी हो म्हणाले, विभागात नाही, माझ्या घरी, दुपारी.

ती आता आठवड्यातून दोनदा येते. आम्ही फक्त खालचे स्वर लावतो. खिडकीचा पडदा ओढून घेतलेला असतो, आतल्या खोलीत नवरा शिफ्ट करून झोपलेला, म्हणून आवाजही हळूच. ती सा धरते, तो थोडा थरथरतो, मग बसतो. मी भिंतीला पाठ टेकून ऐकते. पाच-सात मिनिटं झाली की मी हात वर करते, आज पुरे. ती पाणी पिते आणि मी चहा ठेवायला उठते.