पहिली एबीसीडी

जाफराबादकडच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती, अन् इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. म्हणून मला पहिलीच एबीसीडी यायची, मोठ्या अक्षरांची. ती मी ट्रकच्या नंबरावरून अन् बियाण्याच्या पिशव्यांवरून उचलली. तेवढ्यावर जालन्यात रेडिओ दुरुस्त केले, नंतर कॉम्प्युटर घेतला आणि एका बियाणे कंपनीसाठी उगवण तपासणीचा प्रोग्राम लिहायला बसलो.

कंपनीची अट अशी, की प्रोग्राम एकच पाहिजे. तो प्रयोगशाळेतल्या विंडोजवर चालला पाहिजे आणि ऑफिसातल्या लिनक्सवरही. माझा साडू कॉलेजात शिकवायचा, त्यालाही कंपनीच्या साहेबानं तेच काम सांगितलं होतं. तो म्हणाला, "प्रोग्रामसाठी जावा भाषा घ्या. एकदा लिहिलं की कुठंही चालतं."

मी म्हणालो, "मी पास्कलमध्येच लिहिणार. लिहीन एकदाच, दोन्हीकडं वेगवेगळं बांधून देईन, पण पळतं जल्दी."

खरं कारण मी बायकोलाही सांगितलं न्हाई. पास्कल या भाषेला अक्षर लहान असो की मोठं, बिलकुल फरक पडत न्हाई, मी सगळं मोठ्यातच लिहायचो. जावा मी आठ दिवस गुपचूप करून पाह्यली होती. तिथं एका शब्दात पहिलं अक्षर मोठं अन् बाकीची लहान, एक चुकलं की हाकलून देते. साडू ती बघता बघता लिहायचा, एका हातानं चहा पीत. घरी बायको म्हणायची, "पाव्हण्यांची बोटं कशी चालतात बघा." मी बघत होतो.

तपासणीच्या दिवशी साडूचा प्रोग्राम दोन्हीकडं चालला, पण उघडायला इतका वेळ की साहेब खुर्चीत चुळबुळ करायला लागले. माझा विंडोजवर झटकन उघडला. मंग ऑफिसात गेलो. लिनक्सवर लावला तर म्हणे फाईल सापडत न्हाई. पुन्हा लावला, तेच. घामानं माझा सदरा पाठीला चिकटला.

साहेब साडूला म्हणाले, "तुम्ही बघा जरा."

तो वाकला. पडद्यावर दोन नावं होती. प्रोग्राम मोठ्या अक्षरांतलं नाव मागत होता अन् क्लार्कनं फाईल लहान अक्षरांत चढवली होती. विंडोजला ही दोन्ही एकच, लिनक्सला वेगळी. साडूनं नाव बदललं, प्रोग्राम पळाला.

"फाईलचं नाव चुकीचं चढलं होतं साहेब," तो म्हणाला. "यांचं काम बराबर आहे."

काम मला मिळालं. बाहेर स्कूटरपाशी तो हळूच बोलला, "साडूभाऊ, दुसरी एबीसीडी शिकून घ्या. महिन्याचं काम आहे."

"मला येती," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला, अन् किक मारून गेला.

शिकलो मी, दुकानाचं शटर अर्धं ओढून. पण त्या प्रोग्राममधलं एक अक्षर लहान केलं न्हाई. तो कित्येक वर्षं चालला. सोयरिकीत कुणी त्याचं कौतुक केलं की साडू मान हलवायचा, "हुशार आहेत." मला लहान अक्षरं येत नव्हती हे त्यानं एकदा जरी चारचौघांत सांगितलं असतं, तर मी भांडून मोकळा झालो असतो. तो बोलला न्हाई. तेवढा मोठेपणाही त्यालाच मिळाला.

म्हणून आता मीच लिहून टाकलं. त्याच्याकडची एवढी एक गोष्ट तरी काढून घेतली.