तिहोमीरसाठी एक बस

झागोर्काला कुणी "जाऊ दे गं" म्हटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पिरोत गावच्या बस स्थानकात, जिथं ती कंडक्टर होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी त्या वर्षी जो तो तिला तेच सांगत होता. आजारपणात तिच्या नवऱ्याचा, तिहोमीरचा, डावा डोळा गेला होता आणि वैद्यकीय मंडळानं त्याला बसच्या स्टिअरिंगवरून कायमचं उतरवलं होतं. मंडळावर तिचा राग नव्हता. एका डोळ्यानं घाटातून माणसं न्यायची नसतात, एवढं कंडक्टरलाही कळतं. राग होता तो पुढच्या गोष्टीचा. तिहोमीर स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या बाकावर जाऊन बसला तो बसलाच. अंगणापलीकडे पाऊल टाकेना, बसचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड फिरवी. आणि त्याची आई, म्हातारी स्तोयांका, मागावर दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा गालिचा विणता विणता आल्यागेल्याला सांगायची, "फार चांगला ड्रायव्हर होता हो माझा मुलगा." मुलगा हाकेच्या अंतरावर कांदे सोलत बसलेला असायचा.

"आई, तो मेलेला नाहीये," झागोर्का म्हणायची.

"मी कुठं तसं म्हणते, सूनबाई? संपला, एवढंच म्हणते."

पिरोत ते तोप्ली दो या डोंगरी मार्गावर तो ड्रायव्हर आणि ती कंडक्टर, अशी त्यांची उमर गेली होती. लग्न त्याच बसमध्ये जमलं आणि भांडणंही बहुतेक तिथंच झाली. आता ती त्याच बसवर ब्लागोयेबरोबर जायची. ब्लागोये तिहोमीरचा जुना दोस्त, माणूस चांगला, पण गाडी अशी चालवायचा की जणू बटाट्याची पोती भरलीत. संध्याकाळी ती घरी यायची आणि नवरा साधं विचारायचाही नाही की आज कोण चढलं, कोण उतरलं. एके दिवशी तिचं डोकं फिरलं. हा बसकडे जात नाही काय? ठीक आहे, बस घरात आणू.

तिचा भाऊ जर्मनीत कामाला होता. त्यानं पोरासाठी एक छोटा संगणक आणला होता, रबरी बटणांचा, कस्टमवाल्यांना दिसू नये म्हणून साबणाच्या पावडरीच्या खोक्यात लपवून. भाचा सैन्यात गेला आणि यंत्र कपाटावर धूळ खात पडलं. झागोर्कानं ते उचलून आणलं. टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरला जोडायचं, संगणकाच्या मासिकात छापलेल्या आज्ञा एकेक करून टाइप करायच्या, त्यांवरून आपला खेळ रचायचा, एक टिंब चुकलं की पहिल्यापासून सगळं तपासायचं. ड्यूटी संपली की हाच धंदा. स्थानकातल्या बायकांना खिदळायला विषय मिळाला. स्तोयांका तर म्हणाली, "लोकांच्या बायका नवऱ्याला स्वेटर विणतात."

"स्वेटर आहेत त्याच्याकडे, आई. बस नाहीये."

आणि बस झाली! पडद्यावर वरून रस्ता सरकत यायचा, शेजारी नदी, मध्ये बोटभर चौकोनी बस. तेम्स्का गावात बदकं आडवी यायची. पुढच्या थांब्यावर एक म्हातारी चीजची चकती घेऊन चढायची आणि जोरात ब्रेक मारला की चकती घरंगळत जायची. प्रत्येक थांब्यावर बस अडून राहायची. एक बटण दाबलं की ठक-ठक असा आवाज यायचा, मग सुटायची. झागोर्का खऱ्या बसच्या पत्र्यावर अशाच दोन थापा मारायची. वळण तिनं एकही सोडलं नव्हतं. माणसं कुठल्या बाजूला कलतात त्यावरून तिला डोळे मिटूनही वळण कळायचं.

खेळ कॅसेटवर उतरवून तिनं ती त्याच्या हातात ठेवली. "तुझ्यासाठी बनवलीय. वाढदिवसाची."

तिहोमीरनं ती उलटीपालटी करून टेबलावर सारली. "माझी कीव करायला लागलीस?"

"कीव? तुझी कीव करायला मला फुरसत आहे का रे?"

"पोरखेळ आहे हा," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

ती रडली, मागच्या अंगणात, कोंबड्यांसमोर. मग तोंड धुतलं आणि कॅसेट घेऊन थेट गावच्या रेडिओ केंद्रावर गेली. रविवारी दुपारी तिथून श्रोत्यांच्या शुभेच्छा लागायच्या. अमक्याला अमक्याकडून, आणि मग एक गाणं. आख्खं पिरोत जेवता जेवता ते ऐकायचं. बेलग्रेडच्या रेडिओवरून संगणकाचे खेळ हवेत सोडले जायचे, कॅसेटवरचा खेळ म्हणजे नुसती किंचाळीच, ती लागायची आणि मुलं टेप करून आपापल्या संगणकावर खेळायची, हे तिला माहीत होतं. मग पिरोतला काय धाड भरली होती?

केंद्राच्या संपादकानं कॅसेट लावून ऐकली आणि हेडफोन काढून फेकला. "बाई, हे लावलं तर लोकांना वाटेल रेडिओ बिघडला."

"तुमच्या त्या रडक्या गाण्यांनी नाही बिघडला, आता कशाला बिघडतोय? शुभेच्छा लावता ना? ही माझी शुभेच्छा आहे. मी हलणार नाही इथून."

ती खरंच हलली नाही. शेवटी तो वैतागून हो म्हणाला.

रविवारी टेबलावर सूप होतं, बाटलीनं लाटलेलं चपटं सॉसेज होतं, आणि रेडिओवर निवेदिका वाचू लागली, "तोप्ली दो मार्गाचे चालक तिहोमीर यांना त्यांच्या कंडक्टरकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा. लोक म्हणतात तुम्ही संपलात. बस उभी आहे. हिंमत असेल तर चालवा. श्रोतेहो, टेप सुरू करा." आणि किंचाळी सुरू झाली. शेजारच्या घरातून तीच किंचाळी, रस्त्यापलीकडूनही तीच. स्तोयांकानं छातीवर क्रुसाची खूण केली.

तिहोमीरचा चेहरा लालबुंद झाला. "गावासमोर माझी अब्रू काढलीस!"

"काढली नाही, गावासमोर ठेवलीय. उचल हवी तर."

तो उठून आतल्या खोलीत गेला. झागोर्कानं शांतपणे आपलं सूप संपवलं.

आठवडाभरानं कुंपणावरून ब्लागोये ओरडला, "तिहोमीर! अरे पोरांनी टेप केलेल्या तुझ्या बायकोच्या बसनं पार नाक कापलं माझं! गिरणीच्या पहिल्याच वळणावर दर वेळी नदीत पडतो. माझी पोरं सरळ पार करतात, आणि मी, रोज तिथून जाणारा, नदीत! वहिनी, काहीतरी करणी केलीस तू."

"तू तसाही वळणावर उशिरा गिअर बदलतोस," बाकावरून आवाज आला. पुष्कळ महिन्यांत बसबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य. झागोर्कानं टीव्ही लावला, टेप लावली आणि रबरी बटणं त्याच्यापुढे ठेवली.

त्यानं ठक-ठक केलं. बस निघाली. गिरणी आली आणि तिहोमीर सरळ नदीत गेला. पुन्हा निघाला, पुन्हा नदीत. तिसऱ्यांदा त्यानं हात उचलले आणि पडद्याकडे बघत राहिला.

"अगं ए! गिरणीचं वळण डावीकडं आहे. तू उजवीकडं काढलंयस!"

"उजवीकडंच आहे! तिथं सगळे प्रवासी माझ्या उजव्या हाताच्या खिडक्यांपासून डाव्या हाताच्या खिडक्यांकडं कलतात. मला शिकवू नकोस."

"तुझ्या उजव्या हाताच्या!" तो ताडकन उभाच राहिला. "अगं, तू तोंड कुठं करून उभी असतेस? प्रवाशांकडं! रस्त्याकडं पाठ! सगळा मार्ग उलटा काढलायस तू! चर्च उलटं, नदी उलटी, बदकंसुद्धा उलटीकडून येतात!"

तो म्हणत होता ते खरं होतं. पण कबूल करेल ती झागोर्का कसली? "गालिचा आहे का तो, दोन्ही बाजूंनी सारखा असायला? आणि आख्ख्या जिल्ह्यानं टेप करून घेतलाय. आता रस्ता तसाच."

"वा! उद्या पोरं मोठी होतील आणि खरी बस नदीत घालतील! दाखवतोच तुला. सकाळी दाखवतो."

मागाचा आवाज थांबला होता. स्तोयांका मुलाकडे बघत होती.

सकाळी तो खरंच स्थानकात आला. तो सरळ बसमध्ये चढला आणि पुढच्या दांडीला धरून उभा राहिला.

"तिकीट," झागोर्का म्हणाली.

त्यानं तिकीट काढलं. गिरणी जवळ आली तशी ती सवयीनं माणसांकडे तोंड करून, दांडीला पाठ टेकून उभी होती. तिहोमीरनं तिचे दोन्ही खांदे धरले आणि तिला गर्रकन फिरवलं. इतकी वर्षं ज्या रस्त्यावर ती राबली, तो तिला पहिल्यांदा असा अंगावर येताना दिसला. नदी उजवीकडे. वळण डावीकडे. त्याचे हात अजून खांद्यांवर होते आणि तिचे डोळे भरून आले होते.

"पाहिलंस?"

"माझ्या बाजूनं उजवीकडंच आहे," ती म्हणाली.

"मग उद्या परत यावं लागेल दाखवायला."

"ये," झागोर्का म्हणाली. "पण तिकीट काढून."